डाव्या पावलापुढची रेघ

गुरुवारी, नऊ ऑक्टोबरला, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी रंजीता राठोडच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि तिला ते कळलं नाही.

आसेगाव शिवारातलं सोयाबीनचं वावर होतं. दिवसभराची कापणी-सोंगणी आटोपून चौदा बाया वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून गाडीकडे निघाल्या होत्या. चप्पल मागे पडल्यावर रंजीता आणखी अकरा पावलं चालली. सगळ्यांच्या मागून तिचा आजा सोमला येत होता. त्यानं चप्पल उचलली, पण हाक मारली नाही. तो मातीकडे पाहत राहिला.

सोमलाचं वय चौऱ्याहत्तर. पोहरादेवीपासून चार किलोमीटरवरच्या तांड्यात त्याचं घर. उभी हयात त्यानं हरवलेल्या गुरांचा माग काढण्यात घालवली. बैल कुठे गेला हे तर तो खुरांवरून सांगेच, पण कोणत्या पायानं दुखावलाय आणि किती दमलाय हेही सांगे. आता गुरंच उरली नाहीत, त्यामुळे त्याला कोणी बोलावत नसे. धाकटी सून मोतीबाई सोंगणीची टोळी चालवायची. तिच्या टोळीबरोबर तो पाणी भरायला आणि विळ्यांना धार लावायला यायचा.

परवाच्या पावसानं धुऱ्याची काळी माती अजून ओली होती. सकाळी वावरात जातानाची रंजीताची पावलं तिथे तशीच उमटलेली होती: टाच खोल, बोटं हलकी. परत येतानाची उजवी पावलंही तशीच. डावी मात्र उलटी होती. आधी बोटं रुतलेली, टाच नंतर कशीबशी टेकलेली, आणि प्रत्येक पावलाच्या पुढे मातीत ओढलेली वीतभर रेघ.

"रंजी, थांब."

"काय दादा?"

"चप्पल कोठी हाय तुही?"

रंजीतानं खाली पाहिलं. "आं? पडली असन."

"कवा पडली?"

तिला सांगता येईना. सोमला म्हणाला, "टाच टेकून चाल बरं चार पावलं."

ती चालली. डावा गुडघा पाण्यातून चालल्यासारखा वर आला, पंजा लोंबकळला आणि थप्पकन जमिनीवर आपटला. रंजीता थांबली. पुन्हा चालून पाहिलं. पुन्हा तोच आवाज.

गाडीजवळून मोतीबाई ओरडली, "काय वं महाराणी, पालखी धाडू काय? अंधार पडून राह्यला."

"आली काकी," रंजीता म्हणाली, आणि सोमलाकडे न पाहता त्याला विचारलं, "दादा, हे काय होय?"

"माईत नाई," सोमला म्हणाला. ते खरं होतं.

रंजीता सव्वीस वर्षांची. वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा तिनं काढली होती, धावण्याची चाचणीही काढली होती. राहिली होती ती चाल. बायांसाठी सोळा किलोमीटर, चार तासांत, सव्वीस नोव्हेंबरला, मेडशीच्या जंगलात. वर्षभर ती पहाटे पोहरादेवीच्या रस्त्यानं धावत होती आणि धावून धावून काडीसारखी झाली होती. आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले. ती मागे राहिली ती या चालीसाठी, आणि सोंगणीचे बारा दिवस रिकामे कशाला घालवायचे म्हणून काकीच्या टोळीत शिरली.

सोयाबीन सोंगताना बाई दिवसभर उकिडवी बसते आणि बसल्या बसल्याच पुढे सरकते. कापलेल्या झाडांचे खुंट नडगीला सुयांसारखे टोचतात. त्यावर मोतीबाईनं पाच वर्षांपूर्वी तोड काढली होती. जुन्या जीन्सच्या पायांच्या बाह्या कापून नडगीवर चढवायच्या, आणि त्या खाली घसरू नयेत म्हणून गुडघ्याच्या जरा खाली सायकलच्या ट्यूबचा पट्टा दोन वेढे देऊन ताणून बांधायचा. तेव्हापासून तिच्या टोळीतल्या एकाही बाईची नडगी फुटली नव्हती. दुसऱ्या टोळ्यांनीही ट्यूबा विकत घ्यायला सुरुवात केली होती. पायाला मुंग्या यायच्या. बाया पाय झटकायच्या आणि पुन्हा बसायच्या.

दिवेलागणीला तांड्यातल्या जाणत्यांनी रंजीताचा पाय पाहिला. लकव्याची सुरुवात आहे, असं ठरलं. सोमलानं तेल कोमट केलं, पिंढरी चोळली आणि वासराच्या पायाला बांधतात तशी गुडघ्याखाली फडक्याची घट्ट पट्टी बांधली. शुक्रवारी सकाळी पंजा आणखी लोंबला होता. त्यानं पट्टी आणखी आवळली.

शनिवारी दोघं वाशीमला गेली. लखमीचंद शेठच्या कापडदुकानावर जिना चढून त्यांच्या मुलीचा, चंदनाचा, फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. चंदनानं रंजीताला आधी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चारदा चालायला लावलं. सोमलाला ही बाई आवडली. त्याच्यासारखीच ती तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत होती.

"बोटं वर उचल."

बोटं हलली नाहीत.

"आता माझ्या हातावर खाली दाब." रंजीतानं दाबलं तसा चंदनाचा हात खाली गेला. "दाबायची ताकद पूर्ण आहे. लकवा नाही हा." मग तिनं पट्टी सोडली, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचं जे बोंड लागतं त्याच्या जरा खाली बोटानं टकटक केलं. रंजीता दचकली. पावलाच्या वरच्या भागात झिणझिणी गेली होती.

"इथं काय बांधायचीस?"

"ट्यूब. सोयाबीन सोंगताना."

"आणि ही पट्टी कोणी बांधली?"

"म्या," सोमला म्हणाला.

"का, आजोबा?"

"वासराचा पाय मोडला तं आमी असाच बांधतो."

"पाय मोडलेला नाही. पंजा वर उचलणारी नस इथून जाते, हाडाला चिकटून, कातडीच्या अगदी खाली. अंगावर मांस नसलं की तिला काहीच आडोसा राहत नाही. दिवसभर उकिडवं बसून ती आधीच दाबली जात होती. वरून ट्यूब. आणि तुम्ही बरोबर तिच्यावरच गाठ मारलीत."

सोमलानं पट्टीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मले सव्वीस नवंबरले चालाचं हाय," रंजीता म्हणाली. "सोळा किलोमीटर. चार तास."

"नस फक्त दबली असेल तर सहा आठवड्यांत उठते, कधी तीन महिने लागतात. आतून तुटली असेल तर वेगळी गोष्ट. अकोल्याला नसेची तपासणी करून घे. बुटात घालायला एक प्लास्टिकचा टेकू देते, तो पंजा लोंबू देणार नाही. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, काही बांधायचं नाही. चालीला मी हो म्हणत नाही."

"नाई बी म्हनू नका."

"तेही म्हणत नाही," चंदना म्हणाली आणि कागदावर व्यायाम लिहू लागली. उठताना तिनं एक गोष्ट सांगितली: "टोळीतल्या बाकीच्यांना टाचांवर उभं राहायला सांग. पंजे वर, दहा आकडे मोजेपर्यंत. जिला जमणार नाही तिला इकडे पाठव."

सोमवारी रंजीता वावरात गेली. विळा न घेता, पायात बूट आणि बुटात टेकू. बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता उठा. टाचांवर उभ्या राहा."

"आता तू आमची बी भरती घेतं काय वं?" धुरपताबाईनं विचारलं. टोळीत तीच सगळ्यांत थोराड. "मंग छाती-बिती मोजून घेजो, माही पास होते."

हशा झाला, पण बाया उठल्या. एकमेकींच्या खांद्याला धरून, हिंदकळत, हसत. बाराजणींपैकी दहाजणी उभ्या राहिल्या, धुरपताबाईसुद्धा. दोघींचा डावा पंजा पाच आकड्यांत खाली आला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पाचच. मग कोणी हसलं नाही.

मोतीबाई बसूनच होती. "झाला तमाशा?" ती म्हणाली. "तुया पायाले झालं म्हनून साऱ्यायच्या ट्यूबा सोडतं काय? ट्यूब म्या काढली. त्याच्या आंधी तुया मायच्या नडग्या रक्तानं भरत होत्या. फोन करून इचार तिले. एक महिना पू गेला तिच्या पायातून."

"थे खरं हाय काकी. पन हे बी खरं हाय. तू उभी राहा टाचांवर."

"मले गंजी लावाची हाय."

"दहा आकडे. गंजी कोठी पळून जात नाई."

"माह्यावर हुकूम चालवतं?"

सोमला विळ्याला धार लावत होता. त्यानं विळा खाली ठेवला. "मोती," तो म्हणाला, "चार सालं झाले. तुया डाव्या पावलापुढं रेघ हाय. बारकी, बोटभर. दुपारनंतर वाढते."

मोतीबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. "चार सालं. मंग बोलले काहून नाई, मामाजी?"

"सुनेच्या पावलाईकडं पाहत होतो हे कसं सांगू? मले वाटे, वयाची असन."

"पन्नाशी बी नाई झाली माही." तिनं भाकरीचं फडकं झटकलं. "आता बोलले तं बोलले. पाय माहा हाय. रेघ वढो नाई तं चित्र काढो." आणि ती गंजीकडे गेली. थप्प, थप्प. आता तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. तोपर्यंत ती तिची चाल होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सातजणी ट्यूब न बांधता आल्या. बाह्या घसरू नयेत म्हणून त्यांनी त्या कमरेच्या नाड्याला दोरीनं अडकवल्या होत्या. ही युक्ती धुरपताबाईची. मोतीबाईनं पाहिलं, म्हणाली, "नडग्या फुटल्या तं माह्यापाशी रडत येऊ नका," आणि स्वतःचे पट्टे रोजच्यासारखे ताणून बांधले.

अकोल्याच्या तपासणीत नस जिवंत निघाली. गुडघ्यापाशी तिच्यातून जाणाऱ्या संदेशाचा वेग मंदावला होता. उठेल, कधी ते सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांचंही म्हणणं पडलं.

मग सोमलानं आपलं काम सुरू केलं. रोज सकाळी तो अंगणात चुलीची राख चाळून पसरायचा. रंजीता टेकू काढायची आणि अनवाणी दहा पावलं चालायची. तो गुडघे टेकून बाभळीच्या काडीनं रेघ मोजायचा आणि काडीवर खूण करायचा. सुरुवातीला वीतभर. दिवाळीला तेवढीच. पाच नोव्हेंबरला चार बोटं. त्या दोन आठवड्यांत तांड्यातल्या निम्म्या लोकांनी येऊन सांगितलं की हा हट्ट सोड. तांड्याचा नायकही येऊन बसला. "पुढच्या साली फारम भर, पोरी. जंगल कोठी जाते?"

"जंगल नाई जात, नायकदादा. भरती जाते. पुढच्या साली निघन का नाई हे तुमाले माईत हाय?"

"लंगडत चालशीन साऱ्यायच्या समोर. हसतीन लोक."

"हसू द्या. हसल्यानं वेळ नाई जात. चार तास मलेच हायत, त्यायले नाई."

नायकानं चहा घेतला आणि गेला. सोमलाला तिला अडवावंसं वाटत होतं. एका रेघेची दुसरी रेघ झाली, दोन्ही पायांनी अधू झाली तर पाप आपल्या गाठीचं, असं त्याला वाटे. ती खिशातली पट्टी त्यानं अजून फेकली नव्हती. पण त्यानं रंजीताला अडवलं नाही. तो काडी घेऊन राखेजवळ बसायचा आणि जे दिसतं ते सांगायचा, कमी नाही, जास्त नाही.

अठरा नोव्हेंबरला डाव्या पायाचा अंगठा हलला. बोटभर वर आला आणि पडला. रंजीता अंगठ्याकडे रागानं पाहत म्हणाली, "आता बाकीच्यायले सांग, येड्या."

तेवीस तारखेला राखेत रेघ उमटली नाही. मात्र सहा किलोमीटर चालून आल्यावर पुन्हा चालायला लावलं, तेव्हा ती परत दिसली. दोन बोटं. सोमलानं तेही सांगितलं. चंदनाला फोन लावला. ती म्हणाली, "स्नायू दमला की असंच होणार. टेकू घालूनच चालायचं. आणि पडलीस तर उठून पुढे जायचं नाही, थांबायचं." रंजीता "हो" म्हणाली. सोमलाला ते "हो" पटलं नाही.

बुधवारी, सव्वीस नोव्हेंबरला, पावणेसात वाजता मेडशीच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी एकतीस बाया छातीवर नंबर लावून उभ्या होत्या. आठ किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. रंजीताचा नंबर एकतीस, सगळ्यांत शेवटचा. नोंद घेणारे शेषराव नावाचे अधिकारी तिच्या बुटापाशी थांबले.

"हे पायात काय घातलंय?"

"टेकू हाय साहेब. डॉक्टरनं देल्ला."

"हे चालत नाही."

"नियमात लिवलं असन तं दाखवा. काढून ठेवतो."

शेषरावांनी हातातले कागद शांतपणे चाळले. पुढून मागून पाहिले. "बुटाबद्दल यात काही नाही," ते म्हणाले. "चाल. पण मेडिकल पुढं आहे, तिथं मी नसेन."

"तिथं बी मीच असन साहेब."

टोळीच्या गाडीनं सोमला आला होता आणि गाडीतून मोतीबाईही उतरली होती. का आली ते तिनं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. नातेवाइकांना सुरुवातीपाशी थांबू देत नव्हते. दोघं तिसऱ्या किलोमीटरच्या वळणावर जाऊन बसली. तिथे खुर्ची टाकून एक वनकर्मचारी वॉकीटॉकी घेऊन बसला होता. रस्त्यावर पिठासारखी धूळ होती. सोमलाला तेवढंच पाहिजे होतं.

सात वाजता शिटी झाली. सात छत्तीसला रंजीता तिथून गेली. मध्ये होती, सोळावी-सतरावी. सोमलानं धूळ पाहिली, दोन पावलांमधलं अंतर काडीनं मोजून खूण केली. बुटाच्या दोन्ही टाचा खोल होत्या, पावलं सारखी. "साफ हाय," तो म्हणाला. मोतीबाईनं मान हलवली.

आठ किलोमीटरचं टोक तिनं पावणेनऊला गाठल्याचं वॉकीटॉकीवर कळलं. मग बाया परतू लागल्या. नवाच्या पुढे, साडेनवाच्या पुढे, पावणेदहा. वीसजणी गेल्या, पंचवीस गेल्या. सोमला घड्याळ पाहत नव्हता. मोतीबाई पाहत होती.

दहा वाजून चौदा मिनिटांनी रंजीता वळणावर आली. चेहरा धुळीनं आणि घामानं काळवंडलेला, डावा गुडघा पुन्हा पाण्यातून चालल्यासारखा वर येत होता. टोकापासूनच्या पाच किलोमीटरांना तिला एकोणनव्वद मिनिटं लागली होती. तीन राहिले होते आणि हातात सेहेचाळीस मिनिटं होती.

मोतीबाई उठून उभी राहिली. "काय गोगलगायीवानी चालून राह्यली वं? माह्या टोळीत असती तं मी तुले घरी धाडली असती."

रंजीता थांबली नाही. मान न वळवता म्हणाली, "तू टाचांवर उभी राहून दाखव, मंग बोल."

"थोबाड कमी चालव, पाय चालव."

"चालूनच राह्यली ना."

ती वळणाआड गेली. सोमलानं धुळीत गुडघे टेकले. डाव्या बुटाच्या टोकापुढे रेघ होती. तीन बोटं. त्यानं खिशातून काडी काढून एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंतचं अंतर मोजलं, मग सकाळच्या खुणेशी ताडून पाहिलं. दोन्ही अंतरं सारखी होती. रेघ वाढली होती, पाऊल आखडलं नव्हतं.

त्यानं वर पाहिलं. मोतीबाई सागाच्या झाडाला एका हातानं धरून उभी होती, चपला बाजूला काढलेल्या. ती टाचांवर उभी राहण्याचा प्रयत्न करत होती. उजवा पंजा वर होता. डावा तीन आकड्यांत खाली आला. तिनं परत उचलला.

"मामाजी, मोजा," ती म्हणाली. "पाहून राह्यले तं मोजा."

"चार," सोमला म्हणाला.

तिनं पुन्हा उचलला.

दहा सेहेचाळीसला वॉकीटॉकी खरखरली. कर्मचाऱ्यानं ऐकलं आणि वहीत लिहिलं. सोमलानं विचारलं, तेव्हा त्यानं वाचून दाखवलं: "एकतीस नंबर. पंधरावा किलोमीटर. दहा सेहेचाळीस. चालत आहे."